लग्नानंतर येणारी स्थळं

चैत्रातल्या दुपारी आमच्या गावाला एक वास असतो. काजूच्या झाडांखाली पडलेले बोंडू उन्हाने आतल्या आत आंबू लागतात आणि त्यांचा तो गोडसर, तुरट, काहीसा मादक दर्प खळं ओलांडून पडवीत येतो, पडवीतून माजघरात येऊन बसतो. त्याला सुगंध म्हणावं तर नाक मुरडतं, दुर्गंध म्हणावं तर जीभ धजत नाही. त्या दर्पात पडल्यापडल्या माणूस ना धड जागा असतो, ना धड झोपलेला. अशाच एका दुपारी माझ्या उशाशी टेलिफोन वाजला.

"नमस्कार काका," एक कोवळा, शहरी, अदबशीर आवाज म्हणाला, "वृंदाताईंसाठी एक फार छान स्थळ आलं आहे."

मी उठून बसलो. वृंदा ही माझी एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न मार्गशीर्षातच झालं होतं! शिमग्याला जावई येऊन पुरणपोळी खाऊन गेला होता. तरीही त्या आवाजात एवढी निःशंक खात्री होती, की क्षणभर मला वाटलं, ते लग्नच मला स्वप्नात पडलं असावं. ते चौघडे, तो मांडव, ती पाणावलेल्या डोळ्यांची पाठवणी हे सारं बोंडवांच्या वासाने दाखवलेलं काहीतरी, आणि खरा आहे तो हा फोन!

वाचका, तुला सगळं नीट सांगायला हवं. मी कट्ट्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत आयुष्य काढलं. निवृत्त झालो तेव्हा वृंदा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी करत होती. तिच्यासाठी आम्ही कुडाळच्याच एका वधूवर सूचक केंद्रात नाव घातलं. केंद्र चालवणाऱ्या बाई मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी पुण्याचं स्थळ आणलं, शैलेश नावाचा सालस अभियंता दाखवला, आणि भात झोडून होतो न होतो तोच लग्न ठरलंसुद्धा. त्या केंद्राविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नव्हतं, आजही नाही. पण ज्याने एकदा उत्तम काम केलं त्याने ते काम झाल्यावरही करतच राहावं, याला काय म्हणावं? औषधाने ताप उतरल्यावर वैद्य रोज दारात येऊन 'जीभ दाखवा' म्हणू लागला तर?

मी त्या मुलीला सांगितलं, "अगं, तिचं लग्न झालं. तुमच्याच केंद्रातून झालं."

"अय्या, हो का? अभिनंदन काका!" ती मनापासून म्हणाली. "नोंद करून ठेवते हं."

मी निश्चिंत झालो. पण पुढच्या खेपेस दुसरीच मुलगी बोलली, आणि तिच्यापाशी त्या नोंदीचा मागमूसही नव्हता. मी पुन्हा सांगितलं, तिनेही अभिनंदन केलं. माझ्या एका मुलीच्या एका लग्नाबद्दल इतक्या अनोळखी कन्यकांनी माझं अभिनंदन केलं, की मला त्या लग्नाचा थोडा संकोचच वाटू लागला.

"तुमका 'नको' म्हणूक येणा नाय?" सुलभा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून विचारी. "'नको' म्हणा आणि ठेवा खाली! तेका 'जेवलंस काय' म्हणान कित्याक इचारूचा?"

तिचं खरं होतं. मी विचारत असे. भर दुपारच्या वेळी कुणाची तरी लेक बोलते आहे, तिला जेवणाचं विचारायला नको? आमच्या मुलखात निघालेला माणूससुद्धा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दारी आलेल्या फेरीवाल्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा देतात, मग म्हणतात, 'आज काय घ्यायचं नाय हां.' इतक्या मऊ नकारांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाने 'नमस्कार काका' म्हणणाऱ्या आवाजाच्या तोंडावर फोन कसा आपटावा? जन्मभर मी मुलांना नञर्थी वाक्यं शिकवली. स्वतःला मात्र एक साधं नकारार्थी वाक्य धडपणे उच्चारता येऊ नये!

आणि आणखी एक सांगू? एकदा त्या मुलीने नाशिकच्या एका प्राध्यापकाचं स्थळ सांगितलं. 'वाचनाची अत्यंत आवड, घरात स्वतःचं ग्रंथालय.' मी 'लग्न झालंय' म्हणून फोन ठेवला खरा. पण ती सगळी संध्याकाळ मी पडवीत बसून त्या ग्रंथालयाचा विचार करत होतो. आमचा शैलेश गुणी मुलगा, पण तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडंसुद्धा सोडवत नाही. मग एकाएकी भानावर आलो आणि देवाला हात जोडले. दिलेल्या मुलीचा बाप आणि न पाहिलेल्या जावयाच्या कपाटातली पुस्तकं मोजतो! तिन्हीसांजेला असलं काही मनात येतं म्हणजे मनाला झालंय तरी काय?

मे महिन्यात वृंदा, शैलेश आणि विहीणबाई आठ दिवसांसाठी आल्या. विहीणबाई पुण्याच्या, वागायला नेमस्त, बोलायला नेमक्या. पंखा माजघरात, म्हणून त्या माजघरात बसत, आणि फोनही तिथेच. आत वृंदा सोलकढीसाठी नारळ खवत होती. मी पडवीत जावयाला फणस कसा ओळखावा ते सांगत होतो. फोन वाजला आणि विहीणबाईंनी सहज उचलला.

"हॅलो... कोण? वृंदा? नाही हो. वृंदा नावाचं इथे कोणी नाही. राँग नंबर." त्यांनी फोन ठेवला.

इथे तुला थांबवून एक गोष्ट सांगायला हवी. लग्नात वृंदाचं नाव बदललं होतं. ताटातल्या तांदळांवर शैलेशने अंगठीने 'शर्वरी' असं लिहिलं, आणि मंडपात टाळ्या पडल्या. मीच तर शेजारच्या पाहुण्यांना हौसेने समजावून सांगितलं, की शर्वरी म्हणजे चांदण्यांनी नटलेली रात्र. विहीणबाईंच्या घरी ती पहिल्या दिवसापासून शर्वरीच होती. वृंदा हे नाव त्यांच्या ओठी कधी आलंच नव्हतं, तर आठवणार तरी कसं?

फोन लगेच पुन्हा वाजला. या वेळी पलीकडच्या मुलीने बहुधा गावाचं नि माझंही नाव सांगितलं असावं. कारण विहीणबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मुलीसाठी स्थळ?" त्यांनी एकेक अक्षर सुटं करत विचारलं. मग फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "सर, हा काय प्रकार आहे? तुम्ही अजून स्थळं बघताय? आमच्याकडे काही कमी आहे का?"

सुलभा पदराला हात पुशीत धावत आली आणि एरवी अस्खलित मालवणी बोलणारी ती घाईघाईत भलतंच प्रमाण मराठी बोलू लागली. "नाही हो विहीणबाई, ते आपले उगाचच करतात फोन. आम्ही नाही म्हणतो, तरी करतात." शैलेश मात्र मोकळेपणाने हसला. "आई, जाहिरातीचे फोन आहेत हे. मला ऑफिसात कर्ज घ्या म्हणून येतात तसे." पण विहीणबाई हसल्या नाहीत. आत नारळ खवण्याचा आवाज थांबला होता. तो कधी थांबला, पहिल्या फोनला की दुसऱ्याला, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी शैलेश आईला घेऊन मालवणच्या बंदरावर गेला. वृंदा डोकं दुखतं म्हणून मागे राहिली. मी विहिरीपाशी अबोलीला पाणी घालत होतो. ती येऊन काठावर बसली. लहानपणी बसायची तशीच, पाय हलवत.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "खयचो होतो तो?"

"कोण गो?"

"तो. सकाळच्या फोनातलो. काय करता, काय सांगल्यानी काय?"

माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. थट्टा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर तिथे थट्टा नव्हती. रागही नव्हता, अश्रू तर नव्हतेच. जे होतं त्याला नाव देता येईना.

"माका काय ठावक?" मी म्हटलं. "विहीणबायनी घेतल्यान फोन."

"हां," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तो एक प्रश्न माझ्या काळजात कुसळासारखा जाऊन बसला. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या स्थळाची चौकशी का करते? ती सुखी नाही का? जावयाच्या त्या मोकळ्या हसण्यामागे काही आहे का, जे मला दिसत नाही? सरळ विचारावं तर बापाच्या जिभेला गाठ पडते. आईने मुलीला जे एका नजरेत विचारावं, ते बापाला भाषेचे सगळे अलंकार हाताशी असून विचारता येत नाही. आणि सुलभाला सांगावं तर ती लागलीच पुण्याची गाडी पकडायची!

एक मात्र ठरलं. हे फोन बंद व्हायला हवेत. मंडळी परतल्यावर मी एस.टी.ने कुडाळला गेलो.

केंद्रातल्या बाईंनी ओळखलं, चहा मागवला, मुलीची ख्यालीखुशाली विचारली. माझी तक्रार ऐकून त्या ओशाळल्या. "काय सांगू सर, आता हे सगळं माझ्या हातात राहिलेलं नाही. मुंबईच्या एका कंपनीने आमच्यासारखी बरीच छोटी केंद्रं घेतली. नावं सगळी त्यांच्या कम्प्युटरवर गेली. फोन त्यांच्या मुली करतात."

"मग त्यांना सांगा, माझ्या मुलीचं लग्न झालं म्हणून."

"सांगितलं मी. माझंच नाही, कुणाचंच चालत नाही. त्यांचा नियम असा, की जिचं नाव आहे तिनेच फोन करून सांगायचं. वृंदाने स्वतः सांगायला हवं, मला आता स्थळं नकोत म्हणून." त्यांनी एक नंबर दिला. "दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम! कुडाळहून कट्ट्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. वृंदाला मी काय सांगणार होतो? 'बाळ, एवढं तोंडाने म्हण की तुला दुसरं स्थळ नको.' जो प्रश्न विचारायची माझी छाती नव्हती, नेमका तोच कुठल्याशा कंपनीच्या नियमाने माझ्या हाती दिला होता. आणि ती जर क्षणभर थांबली तर? त्या क्षणभराचं मी काय करू?

मी ते काम पुढे ढकलत राहिलो. पावसाळा लागला, भाताचा तरवा लावून झाला, फोन येतच राहिले. विहीणबाईंचा पुण्याहून येणारा फोन मात्र आखूड होत गेला. 'कसे आहात' आणि 'बरे आहोत' यांच्यामध्ये पूर्वी जे चार शब्द असत ते गेले. सुलभा रोज म्हणे, "तेका सांगा तरी! चेडू फोन करीत नि सुटात जीव." मी म्हणे, "सांगतंय, सांगतंय."

चतुर्थीला वृंदा चार दिवस आधी एकटीच आली. शैलेश गणपतीच्या आदल्या दिवशी येणार होता. दुपारी मी स्टुलावर चढून गणपतीच्या वर टांगायच्या माटवीला कवंडळं, कांगणं असली रानफळं बांधत होतो आणि ती खालून एकेक हातात देत होती. तिच्याकडे पाहावं लागत नव्हतं, म्हणून धीर झाला. वरच पाहत मी तिला कुडाळची सगळी हकिकत सांगितली. नंबर पडवीतल्या कॅलेंडरवर लिहिलेला आहे, असंही सांगितलं.

"इतक्यांच ना?" ती म्हणाली, हात झटकून आत गेली, आणि मला फोनची बटणं दाबल्याचा आवाज ऐकू आला.

मी तसाच उभा, हातात सुंभाचा तुकडा. तिने तिचा कचेरीतला आवाज लावला होता.

"नमस्कार. मी वृंदा बोलते आहे. तुमच्याकडे माझं नाव आहे... हो, तेच गाव. माझं लग्न झालंय. मला आता स्थळं नकोत." ती क्षणभरही थांबली नव्हती! माझा श्वास मोकळा झाला. पण तेवढ्यात ती गप्प झाली. पलीकडून काहीतरी विचारलं जात होतं. बाहेर एक कावळा ओरडून उडून गेला तरी ती गप्प.

"नाही," ती अखेर म्हणाली, आणि आता तो आवाज कचेरीतला नव्हता. "नाव काढू नका. नाव असू दे. फोन तेवढे बंद करा... असं होत नाही? बघा ना विचारून कुणाला." बराच वेळ ती कानाशी फोन धरून उभी राहिली. मग म्हणाली, "हां? बरं. थँक्यू हं. तुमचं जेवण झालं का?"

ती बाहेर आली तेव्हा मी स्टुलावरून उतरलो होतो. आता न विचारणं शक्यच नव्हतं.

"नाव कित्याक ठेवलंस गो?" मी विचारलं. "तुका थंय काय त्रास आसा काय? शैलेश..."

"शैलेश बरो आसा, बाबा." ती चटकन म्हणाली. "तेची काय एक तक्रार नाय. सासूबायपण वाईट नाय." मग पडवीच्या पायरीवर बसली. "पण थंय माका वृंदा कोणच म्हणणा नाय. शर्वरी म्हणतत. पयल्यांदा गंमत वाटली. मगे एकदा बाजारात सासूबायनी 'शर्वरी, शर्वरी' म्हणान हाक मारल्यानी, तर मी वळून बघूकच नाय. माका वाटला, कोणाक तरी बोलवतत. आणि त्या दिवशी, हयसर आपल्याच घरात, मी नारळ खवतंय आणि त्या फोनवर सांगतत, वृंदा नावाचा हय कोणच नाय..."

मीही तिच्या शेजारी बसलो.

"त्या माणसाचा माका काय करूचा आसा?" ती नाक पुसत हसली. "तो खयचोय असांदे. पण कोणतरी वृंदाक शोधता, इतक्यांच बरां वाटलां."

महिनोन् महिने मी एका संसाराच्या दुःखाची कल्पना करत होतो आणि तिथे दुःख होतं ते दोन अक्षरांचं! ते लहान म्हणावं की मोठं? जावई चांगला, घर चांगलं, माणसं चांगली. आणि या साऱ्या चांगुलपणात माझी मुलगी कुठे ठेवली गेली ते तिलाच सापडत नव्हतं. वृंदा हे नाव मीच निवडलं होतं. बाळाच्या पाळण्यापाशी दोर धरून बाकीच्या बायका गात होत्या आणि आत्याने तिच्या कानात ते सांगितलं होतं. नाव म्हणजे काय, तर हाक मारायची सोय, असं मी व्याकरणाच्या तासाला शिकवत असे. विशेषनाम! एवढ्या वर्षांत त्या संज्ञेतल्या 'विशेष' या शब्दाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

शैलेश आला, गणपती झाले, तिने त्याला काही सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. ते त्या दोघांचं आहे. केंद्राचे फोन मात्र खरोखरच थांबले. त्या अनोळखी मुलीने कुणाला विचारलं, कोणता नियम मोडला, देव जाणे. नाव ठेवून फोन बंद करण्याची युक्ती तिने कशी साधली ते मला आजतागायत समजलेलं नाही. दुपारी घर इतकं शांत, की सुलभाच म्हणाली, "आज कोणाचो फोन नाय तो!"

पुण्याला फोन नेहमी सुलभा करी. तिचं बोलून झालं की शेवटी माझ्या हाती देई, आणि मी 'बरी आसस मां?' एवढं म्हणून परत करी. दसऱ्यानंतर एका सकाळी मी स्वतःहून फोन उचलला आणि वृंदाच्या घरचा नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडे विहीणबाई होत्या.

"नमस्कार," मी म्हटलं. "वृंदा आहे का?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग विहीणबाई म्हणाल्या, "सर का? आहे ना. थांबा हं, बोलावते." त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी आत तोंड करून हाक मारली. पण नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली, लांबलचक, आणि त्यांनी कोणत्या नावाने हाक मारली ते मला ऐकू आलं नाही. मी कान दाबून धरला, तरी नाही.

मग पावलं वाजली, कुणीतरी लगबगीने येत होतं.

"बोला, बाबा," ती म्हणाली.